आठ दिवस वाळूत

घाईत असलेल्या माणसाने निर्मळ गावातल्या काकांकडे बॅटरी घेऊन जाऊ नये, हे मला पहिल्याच भेटीत कळलं होतं. तरी मी सहा वर्षं त्यांच्याकडेच जात राहिलो. ड्रिल मशीनच्या मेलेल्या बॅटऱ्या जिवंत करून देणारी दुकानं नालासोपाऱ्यात होती, विरारला होती. ती दोन तासांत बॅटरी हातात ठेवायची आणि दोन महिन्यांत ती पुन्हा मान टाकायची. काका आठ दिवस घ्यायचे. त्यांचे आठ म्हणजे आठ, साडेसात नव्हेत.

माझा धंदा पडद्यांचे रॉड, टीव्हीचे स्टँड, भिंतीवरची कपाटं बसवण्याचा. आम्ही मूळचे कणकवलीकडचे, आता नालासोपाऱ्यात. मी काय करतो असं कुणी विचारलं तर आई सांगायची, "माजो झील भिंतींका भोकां पाडता." यात खोटं काही नव्हतं. नव्या इमारतीत बऱ्याचदा लाईट यायची असते, त्यामुळे बॅटरीवरचं ड्रिल हाच माझा सगळा संसार. ती बॅटरी दोन वर्षांत थकायची. नवी घ्यायची तर जवळजवळ मशीनच नवं घेतल्यासारखं, म्हणून मग निर्मळ.

काकांच्या दुकानाला पाटी नव्हती. केळीच्या वाडीतून आत गेलं की घराच्या पडवीत एक लांब फळी, तिच्यावर मीटर, सेल जोडायचं लहान वेल्डिंगचं यंत्र आणि भिंतीलगत ओळीने मांडलेली सहा घमेली. पडवीसमोरच्या चाफ्याला एक जुनं ड्रिल मशीन उलटं टांगलेलं असायचं. तीच खूण. काका खाकी अर्धी चड्डी आणि बनियन घालून बसायचे आणि गिऱ्हाईक आलं की आधी बनियनवर सदरा चढवायचे. सदऱ्याची बटणं लावून होईपर्यंत कुणी बोललेलं त्यांना ऐकू यायचं नाही, निदान ते तसं दाखवायचे.

वसईतल्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं इलेक्ट्रिशियन म्हणून काढली होती. आता वाडी आणि बॅटऱ्या. घरात काकू आणि ते, दोघंच. ती दोघं आपसात त्यांच्या वाडीतल्या बोलीत बोलायची, त्यातलं मला निम्मंच कळायचं. गिऱ्हाइकाशी मात्र काका शाळेतल्या मास्तरांसारखं स्वच्छ बोलायचे.

त्या सहा घमेल्यांत वाळू असायची. कळंबच्या किनाऱ्यावरून पिशवीभर आणायची, विहिरीच्या पाण्याने सात वेळा धुवायची आणि उन्हात वाळवायची. मीठ राहिलं तर ते सेलच्या पत्र्याला आणि सेल जोडणाऱ्या पट्टीला खातं, असं त्यांचं म्हणणं. मीठ गेलं की नाही हे तपासायची त्यांची पद्धत साधी होती. ते चिमूटभर वाळू जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि थुंकून टाकायचे. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा माझी बॅटरी मी परत मागून घेणार होतो.

बॅटरी दुरुस्त झाली की तिला वाळूत आठ दिवस मुक्काम. आत पाच जोड्या सेल असायचे, म्हणजे दहा. ते सगळे नवे घातले, पट्ट्या जोडल्या, भरून चार्ज केलं, की काका प्रत्येक जोडीचा आकडा वहीत लिहायचे. मग पांढऱ्या चिकटपट्टीवर तारीख लिहून ती बॅटरीला लावायची आणि बॅटरी वाळूत. रोज सकाळी चहाआधी पुन्हा आकडे. नव्या सेलमध्येही एखादा असा निघतो जो काही काम न करता बसल्या जागी रिकामा होत जातो, आणि ते पहिल्या दिवशी कुणालाच दिसत नाही. "पाहुणा पहिल्या दिवशी गोडच असतो," काका म्हणायचे, "आठवडाभर राहिला की कळतो."

एकदा विरारचा एक ठेकेदार मोठी गाडी वाडीच्या तोंडाशी लावून आला होता. त्याला चार बॅटऱ्या आजच्या आज हव्या होत्या आणि तो आवाज चढवून बोलत होता. काकांनी सदऱ्याची बटणं लावली, वाडीत गेले आणि हिरव्या केळ्यांची एक फणी आणून त्याच्या हातात दिली. म्हणाले, ही आज पिकवून दाखवा, तुमच्या बॅटऱ्या आज देतो. ठेकेदार फणी घेऊनच निघून गेला. केळी गेल्याबद्दल काकू पुढे आठवडाभर कुरकुरत होत्या.

खराब बॅटरी उघडली की दहापैकी बहुतेक वेळा दोनच सेल गेलेले असायचे. काका म्हणायचे, मेले दोघं आणि नाव खराब दहांचं. तरी आठ जुन्यांत दोन नवे घालून ते कधी द्यायचे नाहीत. दमलेल्यांच्या जोडीला ताजे दिले तर ताजेही लवकर दमतात आणि दमलेलेही सुखी होत नाहीत, एवढंच त्यांचं शास्त्र. त्या आठांना ते हलकं काम शोधून द्यायचे. पहाटे वाडीत मोगरा खुडायला जाणाऱ्या बायकांसाठी त्यांनी डोक्याला बांधायचे दिवे बनवले होते. माझ्या जुन्या बॅटरीतले सेल आता कुणाच्या तरी कपाळावर उजेड पाडताहेत, हे ऐकून मला उगाच बरं वाटायचं.

हे सगळं मी सहन करायचो. ज्याने माझं डोकं फिरायचं ती त्यांची प्रश्नावली. बॅटरी घेताना ते वहीत नाव लिहायचे, पत्ता लिहायचे, इमारत, मजला, आणि मग विचारायचे: घरात कोण कोण असतं? चार्जिंग कुठे करतोस? लाकडी टेबलावर की लादीवर? जवळ पडदा आहे? मी पहिल्या वेळी म्हटलं की काका, बॅटरी दुरुस्त करायची आहे, मुलगी दाखवायला नाही आणली. ते हसले नाहीत. पेन तसंच धरून बसून राहिले. शेवटी मी सांगितलं, घरात आई असते, एकटीच, मी दिवसभर बाहेर. त्यांनी लिहिलं: "आई, एकटी." चार्जिंग लादीवर करतो असंही मी सांगितलं. ते खोटं होतं.

आईचं सांगायला हवं. शेवटच्या काही वर्षांत तिला विसर पडायला लागला होता. जेवली की नाही ते विसरायची, मजला विसरायची, एकदा खाली उतरून थेट स्टेशनपर्यंत गेली. तेव्हापासून मी कामावर जाताना सेफ्टी डोअरला बाहेरून कुलूप लावायचो. आतलं लाकडी दार वाऱ्यासाठी उघडं. दुसरी चावी शेजारच्या वहिनींकडे असायची, त्या दुपारी येऊन तिला जेवायला वाढायच्या. कुलूप लावताना मी आईकडे बघायचो नाही. मला ते जमत नव्हतं.

सगळं विसरणारी माझी आई एक गोष्ट विसरत नव्हती, ती म्हणजे बटणं बंद करणं. गावी असताना दिव्याच्या बिलाचा धसका तिने घेतला होता, तो तिच्या अंगात मुरला होता. घरभर फिरून ती दिसेल ते बटण बंद करायची. पंखा, टीव्ही, माझ्या फोनचं चार्जिंग, फ्रिजसुद्धा. विचारलं तर म्हणायची, फुकट जळता. हे सगळं घडलं त्या आठवड्यात फ्रिज बंद राहून दूध नासलं, मी फ्रिजच्या बटणावर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर ओरडलो. वाईट ओरडलो. तिने मला विचारलं, तू कोणाचा रे? त्यानंतर मला जेवण गेलं नाही.

अशात कामणचं काम आलं. भिवंडी रस्त्याला एक नवं गोदाम, लाईट अजून यायची होती, दोन दिवसांत रॅक बसवून द्यायचे होते. माझी एक बॅटरी एक दिवस पुरणारी. दुसरी काकांच्या वाळूत, आणि तिचा चौथा दिवस. मी संध्याकाळी निर्मळला गेलो तेव्हा काका घरी नव्हते. डहाणूकडे कुणी नातेवाईक वारले होते, तिकडून काका दुसऱ्या दिवशी सकाळी परतणार होते. पडवीत काकू मोगऱ्याच्या कळ्या निवडत बसल्या होत्या. मी त्यांना सांगितलं, काकांचं नि माझं फोनवर बोलणं झालंय, बॅटरी घेऊन जा म्हणालेत. काकूंनी घमेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, त्यांनी सांगितलंय ना, मग घे. वाळू झटकून बॅटरी मी पिशवीत टाकली. पट्टीवरची तारीख वाचायचीही गरज मला वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती बॅटरी चार्जिंगला लावली. आईच्या पलंगाशेजारी, प्लॅस्टिकच्या स्टुलावर, कारण प्लग तिथेच होता. पलंगावरची गोधडी स्टुलाला टेकत होती. आई बटण बंद करणार हे मला माहीत होतं, म्हणून मी खाकी चिकटपट्टीचे दोन वेढे बटणावरून घेतले आणि दाबून बसवले. शहाणपणा केला असंच मला वाटलं. शेजारच्या वहिनी लग्नासाठी गावी गेल्या होत्या, म्हणून आईचं जेवण झाकून ठेवलं, दोन्ही चाव्या खिशात टाकल्या, कुलूप लावलं आणि कामणला निघालो.

गोदामात ड्रिलच्या आवाजापुढे दुसरं काही ऐकू येत नव्हतं. दुपारी एकला डबा खायला बसलो तेव्हा फोन पाहिला. काकांच्या नंबरवरून आठ वेळा फोन येऊन गेला होता. सहा वर्षांत या माणसाने मला एकदाही आपणहून फोन केला नव्हता. मी लावला तर काकूंनी उचलला. काका घाईत फोन घरीच विसरून गेले होते. काकू रडत होत्या आणि त्यांच्या बोलीत भराभर बोलत होत्या. बॅटरी खराब आहे, ते वाळू घेऊन तुझ्या घरी गेलेत, एवढं मला कळलं. तेवढं पुरेसं होतं.

मी डबा उघडा टाकून स्कूटर काढली. चिंचोटीच्या नाक्यावर ट्रकांची रांग होती, नेहमीसारखीच. मला डोळ्यांसमोर फक्त ती चिकटपट्टी दिसत होती. माझ्याच हाताने, दोन वेढे, दाबून. आग लागली तर आई दाराशी येईल आणि दार उघडणार नाही, आणि दोन्ही चाव्या माझ्या खिशात आहेत, एवढाच विचार पुन्हा पुन्हा येत होता. मी देवाला काही कबूल केलं नाही, तेवढं सुचलंच नाही. नालासोपाऱ्याचा पूल उतरताना मी आधी आभाळात धूर शोधला.

धूर नव्हता. इमारतीखाली काकांची सायकल उभी होती. तिसऱ्या मजल्यावर चढलो तर आमच्या दाराबाहेर, पायरीवर काका बसले होते. सदऱ्याची सगळी बटणं लावलेली, शेजारी वाळूने भरलेली लोखंडी बादली. ती बादली हँडलला अडकवून सत्तरीचा हा माणूस निर्मळहून भर उन्हात सायकल मारत आला होता. आणि सेफ्टी डोअरच्या आत खुर्ची ओढून आई बसली होती. दोघं केळफुलाची भाजी या विषयावर बोलत होती. कडवटपणा जायला ताकात ठेवायचं की मिठात, यावर त्यांचं एकमत होत नव्हतं. मी दोन पायऱ्या खालीच बसलो.

काका म्हणाले, "आधी कुलूप काढ. बसायचं मग."

आत जाऊन त्यांनी पहिल्यांदा बॅटरीला हाताची उलटी बाजू लावली, लहान मुलाचा ताप बघतात तशी. मग दोन्ही हातांनी उचलून वाळूत पुरली. चार्जरची वायर जमिनीवर पडली होती. बटण चालूच होतं आणि त्यावरची चिकटपट्टी जशीच्या तशी होती. आईला पट्टी सुटली नाही, म्हणून तिने सरळ प्लगच उपटून काढला होता.

मागाहून काकांनी सांगितलं ते असं. सकाळी ते डहाणूहून आले, चहाआधी वही उघडली आणि घमेलं रिकामं दिसलं. डहाणूला निघण्याच्या दिवशी सकाळी त्यांनी आकडे लिहिले होते. त्यांत पाचांपैकी एक जोडी उतरायला लागली होती. आल्यावर ती बॅटरी ते पुन्हा उघडणार होते. चार्जरला आतली जोडी न् जोडी दिसत नाही, तो एकूण बेरीज बघतो. एक जोडी रिकामी होत राहिली की तिच्या वाटचंही तो बाकीच्यांना पाजत बसतो, आणि त्या फुगतात, तापतात, कधी पेटतात. मी फोन उचलेना, तेव्हा त्यांनी वहीतलं माझं पान काढलं. तिथे इमारत होती, मजला होता आणि "आई, एकटी" होतं.

ते आले तेव्हा आईनेच त्यांना हटकलं होतं. "कोण रे तू? खंयसून इलंस?" काकांनी सांगितलं, निर्मळहून, बॅटरीवाला. आई म्हणाली, "कुलूप भायरसून आसा. झील कामाक गेलो हा." काकांनी विचारलं, वहिनी, आत कुठे काही चार्जिंगला लावलंय का? आई म्हणाली, "ता मगाशीच काढलंय मी. फुकट जळत होता."

काकांचा विश्वास बसला नाही. त्यांनी तिला वायर आणून दाखवायला सांगितली. तिने वायर दाराशी ओढत आणली, प्लग गजांतून त्यांच्या हातात दिला आणि तो हातात आल्यावर त्यांनी घाम पुसला. तरी बॅटरी तापलेली असणार, प्लग काढल्यावरही ती फुटू शकते. आई पलंगाकडे जायला नको होती. म्हणून त्यांनी तिला दाराशीच बसवून ठेवायचं ठरवलं. आधी केळ्यांच्या जाती झाल्या, मग कणकवलीचा बाजार झाला, मग केळफूल. दर पाच मिनिटांनी ती विचारायची, कोण रे तू? आणि ते दर वेळी पहिल्यापासून सांगायचे. असं त्यांनी अडीच तास केलं. माझ्या आईशी अडीच तास बोलत मी त्या वर्षात तरी बसलो नव्हतो.

मला ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. आईने चहा टाकला, तो त्यांनी बशीतून प्यायला आणि मग एवढंच म्हणाले, "घरी ती सकाळपासून रडतेय. तिला वाटतंय, तिच्यामुळे झालं. आधी तिला येऊन सांग."

मी त्याच संध्याकाळी आईला स्कूटरवर मागे बसवून निर्मळला गेलो आणि काकूंना सांगितलं की मी तुमच्याशी खोटं बोललो. काकूंनी डोळे पुसले. मग माझ्याशी शुद्ध मराठीत, थांबत थांबत बोलल्या. फार वर्षांपूर्वी काकांनी दुरुस्त केलेली एक बॅटरी त्याच दिवशी दिली होती, गिऱ्हाईक घाई आहे म्हणालं म्हणून. त्या गिऱ्हाइकाच्या घरातलं कपाट जळलं. माणसं वाचली, पण नव्या सुनेच्या सगळ्या साड्या गेल्या. त्या घरच्या बाईने काकांना शब्दाने दुखवलं नाही, उलट चहा दिला. त्या दिवसापासून आठ दिवस, आणि त्या दिवसापासून ती प्रश्नावली. मी सहा वर्षं ज्याची टिंगल केली ते हे होतं. पलीकडे आई पडवीतल्या दिव्याचं बटण शोधत होती, आणि काकांनी तिला ते खुशाल बंद करू दिलं.

घरी येऊन मी फ्रिजच्या बटणावरची पट्टीसुद्धा काढली. दूध नासलं तर नासलं. त्या रात्री मला लहान मुलासारखी झोप लागली.

दोन दिवसांनी मी घराची तिसरी चावी करून घेतली आणि काकांना नेऊन दिली. म्हटलं, शेजारच्या वहिनी नसल्या तर, कधी वेळ आली तर, तुमच्याकडे असू दे. त्यांनी सदऱ्याची बटणं लावली. चावी उलटसुलट बघितली, पांढऱ्या चिकटपट्टीवर तारीख लिहिली, ती चावीला लावली आणि चावी वाळूच्या घमेल्यात ठेवली.

"आता तू घाबरलेला आहेस," ते म्हणाले. "घाबरलेला माणूस कुणालाही चावी देतो. आठ दिवस राहू दे. तेव्हाही द्यावीशी वाटली तर ये."

मी आठव्या दिवशी गेलो. सातव्या दिवशी जायचं मनात आलं होतं, पण आता माझीही अक्कल थोडी वाढली होती. काकांनी वाळूतून चावी काढली, पट्टी सोलली आणि चावी आपल्या करगोट्याला बांधली. मग वही उघडून माझं पान काढलं आणि पेनने एकच शब्द खोडला. मी वाकून पाहिलं. आता तिथे फक्त "आई" राहिलं होतं.